सांजोच्या ८३ वर्षांच्या लोहाराची शेवटची कात्री आणि माझे १६,२९० येन

लिहू की नको करत दोन महिने गेले कारण स्वतःचा गाढवपणा चारचौघांत सांगायला कुणाला आवडतो, पण परवा पुण्याच्या मैत्रिणीने मला मी फसले ती कात्रीचीच जाहिरात पाठवली, "तू तिकडेच आहेस ना, येताना आणशील का" म्हणून. म्हटलं आता लिहूनच टाकते.

आम्ही चिबाला राहतो, टोकियोच्या शेजारी. मागच्या वर्षी अपार्टमेंट सोडून एक जुनं घर घेतलं आणि घराबरोबर माकीचं कुंपण आलं. माकी म्हणजे लांबट जाड पानांचं सदाहरित झाड, चिबा प्रीफेक्चरचं (म्हणजे इकडच्या प्रांताचं) अधिकृत झाडच आहे ते, इथल्या बोसो द्वीपकल्पाकडे समुद्राचा वारा अडवायला घराभोवती लावतात. दिसतं झकास पण छाटलं नाही की जंगल. आणि इकडे फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली की अवघड होतं, पूर्वी शेजाऱ्याला हद्दीत आलेली मुळं कापता यायची पण फांद्या नाही, २०२३ च्या एप्रिलपासून कायदा बदलला आणि आता सांगूनही तुम्ही वाजवी वेळेत कापल्या नाहीत तर तो स्वतः कापू शकतो. आमच्या शेजारचे आजोबा तसलं काही बोलले नाहीत, फक्त एकदा सकाळी कुंपणाकडे बघत "फार जोमात वाढलंय हं" म्हणाले. इकडे राहिलेल्यांना कळेल याचा अर्थ काय ते. मी त्याच रात्री कात्री शोधायला बसले.

दोनदा सर्च केलं आणि फोनने ओळखलंच. व्हिडिओ आला. सुरकुतलेले हात, भट्टी, ठिणग्या, मागे हळू संगीत. नीगाताच्या सांजो गावचे ८३ वर्षांचे कारागीर, वारस कुणी नाही, या महिनाअखेर भट्टी कायमची बंद, हाताने घडवलेल्या शेवटच्या १२० कुंपणकात्र्या. २९,८०० वर काट मारून ७,९८० येन. खाली उलटं घड्याळ चालू.

मी मूळची इस्लामपूरची. आमच्या गल्लीच्या टोकाला लोहाराचा भाता होता, कोयत्याला पाणी देताना तो जो चर्र आवाज यायचा तो अजून कानात आहे, त्यामुळे म्हाताऱ्याचे हात बघून माझं काय झालं असेल बघा. त्यात मी शहाणी, चौकशी केली म्हणे! सांजोबद्दल वाचलं तर ते सगळं खरंच निघालं, एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शेतकरी जोडधंदा म्हणून खिळे बनवायचे तिथपासून लोहारकाम चालत आलंय, २००९ मध्ये तिथल्या घडवलेल्या हत्यारांना सरकारने पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली. गाव खरं, तिथले लोहार खरे, म्हातारा तेवढा खोटा. पण मला वाटलं झालं व्हेरिफाय.

नवरा म्हणाला साइट नवीन वाटतेय. मी म्हटलं अरे कॅश ऑन डिलिव्हरी आहे, वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यायचे, यात कोण कसं फसवणार. हे वाक्य मी बोलले त्याला साक्षीदार आहे. आणि एक नाही, दोन मागवल्या, एक बाबांसाठी, त्यांच्या बागेत डुरांट्याचं कुंपण आहे.

आता ते दाइबिकी, म्हणजे इकडचं कॅश ऑन डिलिव्हरी, कसं असतं ते नीट वाचा कारण माझी सगळी फजिती तिथेच झाली. डिलिव्हरीवाल्याला आधी पैसे द्यायचे, मग खोकं तुमचं. आधी उघडून बघतो वगैरे चालत नाही, आणि एकदा पैसे दिले की कुरिअरचा संबंध संपला, आत वीट निघाली तरी ते परत देत नाहीत. दोन कात्र्यांचे १५,९६० आणि दाइबिकीचे ३३० असे मोजून दिले, वर वाकून आरिगातोही म्हटलं. त्याच संध्याकाळी ओळखीचा एक मुलगा सुट्टीवर निघाला होता, बाबांचं खोकं न उघडताच त्याच्या बॅगेत टाकलं. माझं मी शनिवारी निवांत उघडणार होते.

शनिवारच्या आधी बाबांचा फोन आला. "अगं ही पत्र्याची आहे." मी म्हटलं बाबा ती जपानी आहे, हलकीच असते. मग धावत जाऊन माझं खोकं फोडलं आणि दोन फांद्यांत कळलं, पानं कापली जातच नव्हती, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकत होती.

शेवटी लाज सोडून शेजारच्या आजोबांकडे गेले. ते काही न बोलता आत गेले आणि स्वतःची कात्री घेऊन आले, चाळीस वर्षं वापरलेली. खरी कशी असते ते मला तेव्हा दिसलं. पात्याचा बाहेरचा भाग मऊ लोखंडाचा आणि धारेच्या बाजूला कडक पोलाद भट्टीत ठोकून जोडलेलं, आपल्याकडे कोयत्याला पोलाद बसवतात तोच प्रकार, आणि दोन धातू जिथे मिळतात तिथे धारेच्या वर एक पुसट रेघ दिसते. पात्याची आतली बाजू किंचित खोलगट, तिला उरासुकी म्हणतात, त्यामुळे दोन पाती एकमेकांवर पूर्ण घासत नाहीत, धारेपाशीच भेटतात. उजेडासमोर धरली तर मधली बारीक फट दिसते. माझी आतून फूटपट्टीसारखी सपाट. त्यांच्या कात्रीवर नाव छिन्नीने ठोकलेलं, अक्षरं थोडी वाकडी, नखाला लागतात. माझ्यावर लेझरने छापलेलं गुळगुळीत. आणि माझ्या पात्यावर ती लाटांसारखी भारी नक्षी होती ना, आजोबांनी गंज काढायचं खोडरबर दहा सेकंद घासलं तर नक्षी गेली, खाली साधं स्टेनलेस. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग जाहिरात परत शांतपणे वाचली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. एकीकडे "कार्बन स्टील" आणि पुढच्याच ओळीत "कधीच गंजत नाही", अरे कार्बन स्टील म्हटलं की गंज आलाच, म्हणून तर आजोबा काम झालं की चीक पुसून त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं, तेल लावून ठेवतात. वर "अस्सल तामाहागाने". ते पोलाद शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोमध्ये तातारा नावाच्या पारंपरिक भट्टीत बनतं आणि तलवारी बनवणाऱ्या कारागिरांना वाटलं जातं, त्याची कुंपणकात्री आठ हजारात कोण देईल! हाताने घडवलेली कात्री साधारण पंधरा-वीस हजारांच्या पुढेच जाते. साइटवर कायद्याने विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, इथे फोनच नाही, फक्त ईमेल, आणि पत्ता नकाशावर टाकला तर भातखाचर.

१८८ नंबरला फोन केला, ग्राहकांसाठी असतो तो, तुमच्या भागातल्या केंद्राला जोडून देतात. बाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या शंका आली तर पार्सल दारातच नाकारायचं, पैसे द्यायचे नाहीत, ते चालतं. ऑनलाइन खरेदीला कूलिंग ऑफ, म्हणजे ठराविक दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करायची सोय, नाही, साइटने "परत घेणार नाही" लिहिलं असेल तर नुसतं आवडलं नाही म्हणून परत करता येत नाही. खोटी वस्तू दिली म्हणून भांडता येतं, पण भांडायला समोर कुणीतरी पाहिजे, आणि पार्सलच्या चिठ्ठीवर पाठवणारा म्हणून भलत्याच गोदामाचं नाव होतं. तीन ईमेल केले. पहिल्याला उत्तर आलं, दोन हजार येन परत देतो कात्री ठेवून घ्या, पुढच्या दोनांना तेही नाही, आणि ते दोन हजारही आले नाहीत. कार्डने दिले असते तर बँकेकडे निदान तक्रार करता आली असती, रोख दिल्यावर काय.

मैत्रिणीने पाठवलेल्या जाहिरातीत तेच हात, तीच भट्टी, फक्त गाव आता साकाई आणि लोहार आजोबा ७९ वर्षांचे. चार वर्षांनी लहान झाले की.

माकीचं कुंपण शेवटी शेजारच्या आजोबांच्या कात्रीने छाटलं, निम्मं त्यांनीच. माझी कात्री दारामागे पडून आहे. बाबांना म्हटलं तुमची फेकून द्या, तर म्हणाले ती घेऊन आलेल्या पोराला तुझ्या आईने किलोभर चकल्या बांधून दिल्यात, तेवढ्या तरी वसूल होऊ देत. दुधाच्या पिशव्या कापतात तिने.