शिंगरू तांबडं जन्मलं तेव्हा कळलं

स्पोर्ट हॉर्स, म्हणजे स्पर्धेत खेळणारा घोडा, जन्माला घालायचा म्हणून मी महिनाभर स्टॅलियन (पैदाशीचे घोडे) तोलत बसले आणि तरीही फसले. जिथं मी बेसावध राहिले, तिथं कुणीही राहील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी घोडी तांबडी, शो-जंपिंग (अडथळ्यांवरून उड्यांची स्पर्धा) खेळलेली, धाडसी. पण पाठ लांब आणि मागच्या पायांचा रेटा कमी. शिवाय ती फ्रॅजाइल फोल सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची वाहक. तिला स्वतःला काही त्रास नाही. पण घोडाही वाहक निघाला तर चारांत एक शक्यता अशी, की शिंगराची कातडी आणि सांधे जन्मतःच इतके दुबळे असतात की ते जगत नाही. ही जनुकीय तपासणी 2013 पासून होते. त्यामुळे वाहक नसलेलाच घोडा हवा, ही माझी पहिली अट होती.

शेवटी दोन घोडे उरले. एक तरुण, मोकळं सोडल्यावर सुरेख उडी घेणारा, पण त्याची संतती अजून खेळायच्या वयाची नव्हती. दुसरा मेलेला, पण त्याची मुलं मोठ्या अडथळ्यांवर उतरलेली. रेत (वीर्य) विकणाऱ्या दलालाच्या तक्त्यात दुसऱ्याची नुसती विजेती मुलं मोजली होती. एकूण शिंगरं किती, त्यांतली स्पर्धेच्या वयाची किती, आया कशा होत्या, काहीच नाही. शंभर मुलांमागे चार विजेते आणि हजारामागे चार विजेते, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे! हे मी खोदून विचारलं. दोघांच्या ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे संतती कशी निघेल याचे अंदाजी आकडे, पाहिल्या, त्यांच्यापुढचा विश्वासार्हतेचा आकडाही पाहिला. तरुण घोड्याचा तो साहजिकच कमी होता. मी दुसरा निवडला. घोडा मेलेला आहे म्हणून शंका घेण्याचं कारण नव्हतं; उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत वर्षानुवर्षं टिकतं. चाको-ब्लू हा जंपिंगचा नामांकित घोडा 2012 साली गेला, तरी त्यानंतर त्याची मुलं जंपिंग गाजवत राहिली.

एवढं सगळं तपासलं. ज्याचा अभ्यास केला त्याच घोड्याचं रेत कंटेनरमध्ये आहे का, ते मात्र तपासलं नाही.

गोठवलेलं रेत बीज सुटण्याच्या आगेमागे काही तासांतच भरावं लागतं. डॉक्टर रात्रभर सोनोग्राफी करत होते. स्ट्रॉ, म्हणजे रेत भरलेल्या बारीक नळ्या, बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्यावरचं घोड्याचं नाव, रेत काढल्याची तारीख, केंद्राचा क्रमांक, सगळंच पुसट. मी लगेच दलालाला फोन केला. "ताई, जुना साठा आहे, छपाई उडते. वेळ घालवू नका, माज वाया जाईल." मी ऐकलं. रिकाम्या स्ट्रॉ कचऱ्यात गेल्या.

अकरा महिन्यांनी शिंगरू झालं. आयाळीपासून शेपटीपर्यंत तांबडं.

मी निवडलेल्या घोड्याच्या रंगाच्या दाखल्यावर काळ्या रंगाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या. असा घोडा कुठल्याही घोडीवर वापरा, तांबडं शिंगरू होत नाही. दलाल म्हणाला, पहिले केस गळले की रंग पालटेल. शिंगराचे केस पालटतात हे खरंच, म्हणून मी काही आठवडे थांबले. ते थांबायला नको होतं. रंग तसाच राहिला. मग आयाळीचे केस मुळासकट उपटून डीएनए तपासणीला पाठवले. आई जुळली, बाप जुळला नाही.

आधी दलाल म्हणाला, प्रयोगशाळा चुकली. दुसऱ्यांदा तपासणी करू म्हटल्यावर म्हणाला, "जिवंत शिंगराची हमी दिली होती. शिंगरू जिवंत आहे ना?" करार काढून वाचला. खरोखर एवढंच लिहिलेलं होतं.

पैशांपेक्षा मला एकाच गोष्टीचा राग आहे. कुणाचं रेत माझ्या घोडीत गेलं, तो घोडा वाहक होता का, हे दलालाने मला कळू दिलं नाही. चारांत एक हा धोका टाळण्यासाठीच मी एवढी धडपडले होते, आणि त्याने तो माझ्या नकळत पत्करला. शिंगरू धडधाकट आहे ते नशिबाने.

आता स्ट्रॉ वितळवण्याआधी मी प्रत्येकीचा फोटो काढते. अक्षरं वाचता येत नसतील तर तो माज सोडून देते. रिकाम्या स्ट्रॉ जपून ठेवते. आत राहिलेल्या थेंबातूनही घोडा ओळखता येतो. करारात लिहून घेते, की डीएनए जुळला नाही तर पूर्ण रक्कम परत.

शिंगरू आता दोन वर्षांचं आहे. मागचा रेटा आईसारखाच कमी. पासपोर्टवर बापाचा रकाना कोरा आहे.