कानाच्या जनुक तपासणीचा दुसरा रिपोर्ट: पुण्यातल्या समुपदेशन केंद्राचा अनुभव

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून गेलो. वेळ दहाची दिली होती, आत घेतलं सव्वाअकराला. बाकाशेजारी पाण्याचा जार होता, तोही रिकामा.

लेक आता सव्वा वर्षाची. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हे बेरा टेस्टमध्ये कळलं. माहेरी-सासरी कुणी बहिरं नाही, त्यामुळे सासूबाईंचा निकाल तयार होता: "ग्रहण पाळलं नाहीस." आधी एका लॅबमधून (नाव नको) जीजेबी-२ या जनुकाची तपासणी करून घेतली होती. बदल एकच सापडला, डब्ल्यू२४एक्स. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकाच प्रतीत बदल, म्हणून मुलगी नुसती वाहक, म्हणजे तिला स्वतःला त्रास नाही, असं खाली लिहिलेलं. मग ऐकू का येत नाही? तो कागद घेऊन दोन महिने फिरलो.

इथल्या ताईंनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "यांनी पहिला एक्झॉन वाचलाय का?" आम्हाला काय कळणार! त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले. या जनुकाचे दोन तुकडे, त्यांनाच एक्झॉन म्हणतात. कनेक्सिन-२६ हे प्रथिन कसं बनवायचं, ते सगळं दुसऱ्या तुकड्यात. म्हणून काही तपासण्या तेवढंच वाचतात. पहिल्यात प्रथिनाचं अक्षरही नाही, पण त्याच्या कडेला जोडणीची खूण असते. मी ब्लाउज शिवते असं बोलण्यात आलं होतं, तर म्हणाल्या, "कापड बरोबर बेतलंय, पण शिवण कुठे घालायची ती खूणच पुसली, तर?" मला लगेच कळलं. ह्यांना दोनदा सांगावं लागलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: बिघाड नेमका त्याच खुणेवर. आम्हा दोघांचंही रक्त तपासलं. डब्ल्यू२४एक्स माझ्याकडून आलेला, पुसलेली खूण ह्यांच्याकडून. सासूबाईंनी त्यानंतर ग्रहणाचं नाव काढलेलं नाही.

शंका विचारायला पुन्हा अर्धा तास दिला, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कॉक्लियातल्या, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या, पेशी एकमेकींना ज्या बारीक वाटांनी पोटॅशियम वगैरे पोचवतात, त्या या प्रथिनाच्या बनतात. कानाची नस सहसा शाबूत असते, त्यामुळे अशा मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचा) बहुतेकदा चांगला उपयोग होतो, हे ऐकून मी तिथेच रडले. पुढच्या मुलाला धोका चारात एक. ह्यांनी विचारलं, "म्हणजे पुढची तिघं चांगली होणार?" ताई अजिबात हसल्या नाहीत. "प्रत्येक वेळी नव्याने चारात एक," एवढंच म्हणाल्या.

साडेचार तारे. रिपोर्ट अजूनही सगळा इंग्रजीत येतो. तो चौकोनांचा कागद मी मागून आणला म्हणून घरी समजावता आलं. तेवढं चित्र तरी मराठीत छापून सोबत द्या. आणि जार भरून ठेवा, लोक लांबून येतात.