लॅपटॉप झकास, पण स्पीकरची खरखर... ३ स्टार

सेकंडहँड घेतलाय, कंपनीचं नाव नाही घेत. कीबोर्ड, स्क्रीन एक नंबर. पण लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं आणि गाणं थांबवलं की दहा सेकंदांनी स्पीकरमधून टक् आवाज, मग बारीक खरखर, रात्री तर डोक्यात जाते राव. दुकानवाला म्हणाला स्पीकर गेलेत, बदलू. म्हटलं थांबा, कारण त्याच मशीनवर विंडोजमध्ये आवाज एकदम साफ येतो, मग स्पीकर कसे गेले?

तर भानगड पॉवर सेव्हिंगची निघाली. आवाज बंद असला की साउंड चिप झोपते, ती झोपताना-उठताना टक् होतं आणि काही मॉडेलमध्ये मधल्या वेळात खरखर. इंटेलच्या ऑडिओ ड्रायव्हरचं (साउंड चिप चालवणारं सॉफ्टवेअर) पॉवर सेव्ह सेटिंग माझ्याकडे १० होतं, म्हणजे १० सेकंदांनी झोप. ते ० केलं, खरखर गायब! आधी टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची विंडो) तात्पुरतं करून बघा, जमलं तरच मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये (तिथे ड्रायव्हरची सेटिंग्ज असतात) कायमचं लिहा, नाहीतर रीस्टार्ट केलं की परत येरे माझ्या मागल्या. बॅटरी थोडी जास्त खाते, चालतंय. एक स्टार दुकानवाल्यामुळे कापला, एक स्पीकरमुळे, त्यांचा बास (जाड, खालचा आवाज) तर नावालाच आहे.