वेगळं होताना मुलांचं ऐकणारी मध्यस्थी सेवा

मुलीचा ताबा, भेटी, खर्च यावरून कोर्टात भांडत बसण्याआधी आम्ही एका कौटुंबिक मध्यस्थी केंद्रात गेलो, आणि पदरात मूल असताना जे नवरा-बायको वेगळे होतायत त्यांनी आधी हे करून बघाच असं मी अगदी मनापासून सांगेन.

आमच्या मध्यस्थ बाईंनी पहिल्याच बैठकीत क्लिअर केलं की भेटीचा हक्क आईचा की बाबांचा यावर वाद घालूच नका, दोघांना भेटत राहण्याचा हक्क मुलीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ९ हेच सांगतं (मुलाच्या हिताला बाधा येत असेल तर गोष्ट वेगळी), आणि कलम १८ नुसार मूल वाढवायची जबाबदारी दोघांची मिळून. त्यामुळे खर्च थकला म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून खर्च बंद, असली सौदेबाजी त्यांनी चालूच दिली नाही.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे मध्यस्थ बाई आमच्या मुलीशी एकटीशी बोलल्या, आम्हाला बाहेर बसवून. कुणाकडे राहायचंय असं विचारून तिला कात्रीत पकडलं नाही, रोज काय त्रास होतो एवढंच विचारलं, आणि ती म्हणाली, "यांचे निरोप त्यांना आणि त्यांचे यांना मी सांगणार नाही." हे वाक्य जसंच्या तसं आमच्या पेरेंटिंग प्लॅनमध्ये (वेगळं झाल्यावर मुलीचं कसं बघायचं याच्या लेखी ठरावात) गेलं! मुलांचा मत मांडायचा हक्क त्याच कराराच्या कलम १२ मध्ये आहेच, पण तो असा कागदावर उतरताना बघून भरून आलं. शाळा, औषधोपचार, सुट्ट्या, व्हिडिओ कॉल सगळं त्यात लिहिलंय.

आता खटकलेलं. केंद्राच्या फॉर्मवर एकाच पालकाचा नंबर टाकता येतो, म्हणजे सगळे मेसेज एकालाच, दोघांची जबाबदारी म्हणता तर हे आधी बदला ना. शिवाय मूल मोठं होतं तसा प्लॅन बदलावा लागतो, त्यासाठीची बैठक फारच घाईत उरकली.

आणि घरात मारहाण, धमक्या असतील तर इथे समोरासमोर बसू नका, आधी वकील आणि संरक्षण बघा. तडजोड झाली तरी बऱ्याच ठिकाणी कोर्टाने मंजूर केल्याशिवाय तो कागद सक्तीने लागू करता येत नाही, तेवढं वकिलाला विचारूनच सही करा.