सागरी टॅगचं मटेरियल: नागपुरात बसून कशावर काम करावं?

समुद्री प्राण्यांच्या टॅगवर, म्हणजे त्यांच्या अंगावर लावायच्या ओळखीच्या बिल्ल्यावर किंवा यंत्रावर, प्रोजेक्ट करायचाय, कोणतं मटेरियल धरू, असं मटेरियल शिकणाऱ्या एका मुलीनं परवा विचारलं. तिच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली धातूची. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायात बसवायचा हा छोटासा बिल्ला. ओडिशात मार्च २०२१ मध्ये '०३२३३' क्रमांकाचा टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. जवळपास चार वर्षं खारं पाणी सोसूनही तो आकडा वाचता आला! जुना मोनेल हा मिश्रधातू गंजायचा, इनकोनेल हा मिश्रधातू आणि टायटॅनियम टिकतात. म्हणजे मुख्य प्रश्न सुटलेलाच आहे.

दुसरी हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाची, आणि मन इथंच ओढलं जातं. इपॉक्सी हा कडक होणारा गोंद कासवाच्या टणक पाठीवर बसतो, पण स्क्विड किंवा जेलीफिशच्या मऊ अंगाला काय लावणार? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांची कोरडी हायड्रोजेल पट्टी त्वचेवरचं पाणी शोषून २२ सेकंदांच्या आत चिकटते. मात्र तिची खरी परीक्षा जिवंत, हलत्या प्राण्यावर. बाजारातून बर्फात आणलेल्या मासळीवर ती होत नाही, आणि जिवंत प्राण्यासाठी नीतिसमितीची परवानगी हवी. हाताशी दोन-तीन वर्षं आणि किनाऱ्यावरचा जोडीदार असेल तर जरूर घ्या.

तिसरी वाट सुटणाऱ्या जोडाची. मी तिला हीच सुचवली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. तो तुटला की टॅग आपोआप गळून पडतो. काम संपल्यावरही प्राण्यानं आपण लावलेलं यंत्र अंगावर वागवत फिरावं, हे मला पटत नाही. शिवाय हे काम इथं नागपुरातही होतं: लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, तारेचा तुकडा, अचूक तराजू.

एक काळजी मात्र घ्या. पाणी गरम असलं की झीज वाढते. मे महिन्यात आपल्याकडे टेबलावरचं भांडंही कोमट होतं, मग इथं चार दिवसांत तुटलेली तार थंड समुद्रात कितीतरी जास्त टिकेल. म्हणून थर्मोस्टॅट असलेला वॉटर बाथ, म्हणजे पाण्याचं तापमान स्थिर ठेवणारं भांडं, आधी मिळवा, आणि तार रोज धुऊन, वाळवून, त्याच तराजूवर तोला.