४५-७० च्या ओतीव गोळ्या : मेणाचे वंगण की पावडर कोटिंग?

अमेरिकेत ४५-७० या जुन्या प्रकारची रायफलीची काडतुसे घरी भरणाऱ्यांना, शिशाचे मिश्रण एकदा ठरले की, पुढे एक निवड करावीच लागते : शिसे नळीला चिकटू नये म्हणून गोळीच्या खाचांत मेणाचे वंगण भरायचे, की तिच्यावर पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाच्या कोरड्या भुकटीचा, थर भाजून घ्यायचा? एकाच साच्यातल्या ४०५ ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) गोळ्या मी दोन्ही प्रकारे तयार करून लिव्हर अ‍ॅक्शन (खालचा दांडा ओढून भरायच्या) रायफलीतून झाडल्या आहेत. माझा अनुभव त्या एका रायफलीपुरता आहे, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

वंगणाची परंपरा मोठी आहे. १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने हे काडतूस स्वीकारले, तेव्हापासून खाचांत वंगण भरलेली गोळी त्याच्या सोबतीला आहे. काळ्या दारूची काजळी नळीत वाळून कडक होते, ती मऊ ठेवण्याचे काम वंगण करते आणि कोटिंगला ते जमत नाही. त्यामुळे शार्प्स किंवा ट्रॅपडोअर या जुन्या धाटणीच्या रायफलीतून काळी दारू वापरणाऱ्यांपुढे माझ्या मते हा प्रश्नच नाही. अचूकतेतही १०० यार्डांवर मला दोहोंत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. झुकते माप द्यायचेच, तर कदाचित वंगणाला देईन.

तरीही धूरविरहित दारूसाठी मी वंगण सोडले, त्याचे कारण डाय, म्हणजे गोळी पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) दाबून बसवण्याचे हत्यार. प्रत्येक गोळीमागे थोडे मेण डायच्या आतल्या दांड्याला चिकटते, त्याचा थर साचतो आणि पुढची प्रत्येक गोळी केसभर अधिक खोल जाते. काही वेळाने पाहावे, तर क्रिंपसाठीची (पुंगळीची कड आत दाबून गोळी घट्ट धरण्यासाठीची) खाच पुंगळीच्या तोंडाआड गेलेली असते आणि क्रिंप भलत्याच जागी बसते. नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक दाबलेली असतात, तिथे क्रिंप नीट नसणे परवडत नाही. शिवाय गोळी खोल गेली की पुंगळीतली जागा घटते आणि दाब वाढतो. म्हणून भरणे मध्येच थांबवा, डाय उघडा, मेण खरवडा, लांबी पुन्हा मोजा, हे चक्र सुरूच राहते. लय लागलेल्या कामात हा व्यत्यय मला शेवटी असह्य झाला.

कोटिंग केलेली गोळी कोरडी असते, त्यामुळे डाय स्वच्छ राहते. त्याचे व्याप मात्र वेगळे आहेत. सुमारे २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटे भाजण्यासाठी वेगळी भट्टी लागते, जी स्वयंपाकासाठी पुन्हा वापरता येत नाही. थरामुळे व्यास इंचाच्या एक-दोन हजारांशांनी वाढतो, म्हणून साइझिंग (गोळी नेमक्या व्यासाच्या कड्यातून दाबून काढणे) त्यानंतरच करावे. पुंगळीचे तोंड पुरेसे फाकवले नाही, तर तिची कड थर खरवडते. गोळीच्या बुडाशी पावडरचा गोळा राहिला नाही ना, हे पाहावेच, कारण अचूकता बुडावर फार अवलंबून असते. साच्यातून थेट पाण्यात टाकून कडक केलेली गोळी भाजताना पुन्हा मऊ पडते. कडकपणा हवा असेल, तर भट्टीतून काढल्याबरोबर तिला पुन्हा पाण्यात टाकावे लागते. एवढे सगळे करूनही मला हा मार्ग कमी त्रासाचा वाटतो, कारण ही कामे आधीच उरकतात आणि भरताना हात अडत नाही.

ज्यांनी अजून साचा घेतलेला नाही, त्यांनी निर्णय काहीही असो, खाचांचाच घ्यावा. खाचांची गोळी दोन्ही पद्धतींना चालते, गुळगुळीत गोळीत मात्र मेण भरायला खाचाच नसतात.