स्वस्त क्रोमबुक घेताना आधी तारीख पाहा

गेली तीन वर्षे माझे लिखाण, पत्रव्यवहार, घरचा हिशेब आणि ऑनलाइन बैठका ही सगळी कामे मी क्रोमबुकवर, म्हणजे गुगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, करतो आहे. त्याआधीचा विंडोजचा लॅपटॉप इतका मंदावला होता की सकाळी बटण दाबल्यापासून पहिले पत्र उघडेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागे. नवा, तितकाच महागडा लॅपटॉप घ्यावा असे माझ्या कामात काहीच नव्हते, म्हणून ब्राउझरवर चालणाऱ्या या स्वस्त यंत्राकडे वळलो. आतापर्यंत दोन क्रोमबुक वापरली. पहिल्याची निवड साफ चुकली, दुसऱ्याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, आणि दोहोंच्या किमतीत फारसा फरक नव्हता.

पहिल्या खरेदीत मी प्रोसेसर पाहिला, पडदा पाहिला, वजन पाहिले. तारीख तेवढी पाहिली नाही. प्रत्येक क्रोमबुकला गुगलकडून किती काळ अपडेट मिळणार हे आधीच ठरलेले असते, आणि ती मुदत आपण यंत्र विकत घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, तर ते ज्या मूळ रचनेवर बेतले आहे ती रचना बाजारात आली तेव्हापासून मोजली जाते. माझे यंत्र खोक्यातून कोरे करकरीत निघाले होते, परंतु त्याची रचना बरीच जुनी होती. विक्रेत्याने याबद्दल अवाक्षर काढले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. जेमतेम दीड वर्षात ‘यापुढे अपडेट मिळणार नाहीत’ अशी सूचना झळकली. त्यानंतरही यंत्र चालत राहते हे खरे. पण जिथे सारे व्यवहार ब्राउझरमधूनच होतात, तिथे ब्राउझरच्या सुरक्षेची डागडुजी थांबली की त्यावर बँकेचे खाते उघडायला मन धजत नाही.

२०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, ही मोठीच सुधारणा आहे. २०२१ पासून आलेल्या रचनांना ती आपोआप लागू होते. त्याआधीच्या अनेक यंत्रांना ती वापरकर्त्याने मागून घ्यावी लागते आणि त्या बदल्यात अँड्रॉइड अॅपसारख्या काही सोयींवर पाणी सोडावे लागू शकते. तरीही दहा वर्षांतली किती उरली आहेत हे पाहणे सुटत नाही. गुगलच्या मदतपानांवर प्रत्येक मॉडेलपुढे अखेरची तारीख दिलेली असते. यंत्र हातात असेल तर सेटिंग्जमध्ये क्रोमओएसविषयीच्या भागातही ती दिसते. जुने किंवा भरघोस सवलतीतले क्रोमबुक घेणाऱ्याने मॉडेलचा क्रमांक टिपून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी ती तारीख स्वतः पाहावी. तीन-चार वर्षेच उरली असतील, तर ती सवलत तितकीशी मोठी नसते.

तारखेनंतर मेमरी. चार जीबी रॅमचे यंत्र सर्वांत स्वस्त मिळते आणि दुकानात दोन टॅब उघडून पाहिले तर ते अगदी चपळ भासते. अडचण कशी येते ते सांगतो. एकदा मी एका अर्जाचे लांबलचक पान भरत होतो. अर्ध्यावर एक क्रमांक हवा होता म्हणून ईमेलच्या टॅबवर गेलो, तिथून जोडपत्र उघडले, क्रमांक टिपला आणि परतलो, तो पान पुन्हा पहिल्यापासून लोड होऊ लागले आणि भरलेले रकाने सगळे कोरे झाले. यंत्र बिघडले नव्हते. मेमरी अपुरी पडू लागली की क्रोमओएस मागे पडलेले टॅब मिटवून जागा करून घेते आणि आपण परतल्यावर ते नव्याने आणते. बातम्या वाचताना हे जाणवतही नाही, अर्ज भरताना मात्र जिवावर येते. त्यातून या यंत्रांची मेमरी बहुधा मुख्य फळीवरच पक्की बसवलेली असते, त्यामुळे पुढे वाढवण्याची सोय नाही. माझ्या मते लॅपटॉपची जागा घ्यायची असेल तर आठ जीबीच घ्यावी आणि त्यासाठी गरज पडल्यास प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली उतरावे.

स्टोरेजचे तसे नाही. बत्तीस जीबीतला बराच भाग प्रणालीच व्यापते म्हणून चौसष्ट असलेले बरे, पण फायली गुगल ड्राइव्हवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन साठ्यात, ठेवणाऱ्याला त्याहून अधिक लागत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: डाउनलोडच्या फोल्डरमधल्या फायली आपोआप ड्राइव्हवर जात नाहीत, त्या यंत्रातच राहतात.

पडद्याविषयी थोडक्यात. ११.६ इंची, १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा पडदा प्रवासाला ठीक, पण दिवसभराच्या वाचनाला डोळ्यांवर अन्याय करणारा आहे; १४ इंची, १९२० गुणिले १०८० चा आयपीएस (बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारा) पडदा मिळाला तर तोच घ्यावा.

आता या यंत्राच्या ज्या गुणासाठी मी ते सोडायला तयार नाही, त्याबद्दल. क्रोमओएस स्वतःच्या दोन प्रती बाळगते. एका प्रतीवर आपले काम चालू असताना नवे अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढते, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना ती नवी प्रत पुढे येते. त्यामुळे ‘अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका’ म्हणत खोळंबून ठेवणारा पडदा मला तीन वर्षांत दिसलेला नाही. सुरू होताना प्रणालीत कुणी ढवळाढवळ केली आहे का याची पडताळणीही होते. आणि सगळेच बिनसले, तर पॉवरवॉश नावाची सोय यंत्र पुसून कोरे करते आणि खात्यात पुन्हा शिरल्यावर थोड्याच वेळात आपली मांडणी परत येते. माझ्या नात्यातल्या एका वयस्कर बाईंना मी हेच यंत्र घेऊन दिले, तेव्हापासून ‘लॅपटॉप बघून दे’ म्हणून येणारे त्यांचे फोन बंद झाले.

इंटरनेट नसले की क्रोमबुक म्हणजे नुसता ठोकळा, हा समज मात्र आता सोडायला हवा. २०११ मध्ये सॅमसंग आणि एसर यांची पहिली क्रोमबुक आली तेव्हा त्यात बरेच तथ्य होते. २०१६ पासून अँड्रॉइड अॅप आणि २०१८ पासून लिनक्स या मुक्त प्रणालीचे प्रोग्रॅम त्यावर येऊ लागले. गुगल डॉक्समध्ये ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवली, तर नेट नसताना लिहिता येते आणि जोडणी आली की मजकूर आपोआप वर चढतो. आधीच म्हणजे नेट असतानाच, कारण नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही.

जे जमत नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम यावर थेट चालत नाहीत. ज्यांच्या हिशेबाच्या तक्त्यांत एक्सेलचे मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) आहेत त्यांची अडचण होईल, कारण ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते चालवता येत नाहीत. डिजिटल सहीसाठीची यूएसबी टोकने, जुने प्रिंटर आणि युनिकोडपूर्व फॉन्टवर आधारलेले देवनागरी टंकलेखनाचे प्रोग्रॅम यांचीही गणना यातच होते. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला काही अडत नाही. कळफलकावर कॅप्स लॉकच्या जागी सहसा लाँचरची, म्हणजे अॅपची यादी उघडणारी, कळ असते आणि डिलीटची कळ बहुतेकदा नसतेच. लाँचर आणि बॅकस्पेस एकत्र दाबले की पुढचे अक्षर पुसले जाते. याची सवय व्हायला मला आठवडा लागला.

म्हणून विकत घेण्याआधी एक प्रयोग अवश्य करावा. आपल्या आत्ताच्या लॅपटॉपवर आठ दिवस क्रोम ब्राउझरखेरीज काहीही उघडायचे नाही आणि जिथे जिथे बाहेर पडावे लागले ते काम कागदावर लिहून ठेवायचे. माझ्या यादीत तीन कामे निघाली: दोन अँड्रॉइड अॅपवर भागली आणि तिसरे, मॅक्रो असलेला एक तक्ता, मी नव्याने मांडला. ज्यांची यादी पानभर होईल त्यांनी या वाटेला जाऊ नये. यादी लहान असेल आणि जुना लॅपटॉप धडधाकट असेल, तर गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ही प्रणाली यूएसबी ड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. तिच्यात अँड्रॉइड अॅप चालत नाहीत, बाकी अनुभव जवळपास तोच. माझ्या त्या मंदावलेल्या लॅपटॉपवर ती मी उशिरा, दुसरे क्रोमबुक घेतल्यानंतर चढवली. आता तो पुतण्याच्या अभ्यासाला जातो आणि पत्र उघडायला त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.